उस्तादांचा एकुलता एक अपघात

ट्रक चालवणाऱ्यांच्या जमातीत बढाया मारणारे पैशाला पासरी मिळतात, पण उस्तादांची बढाई अगदीच आटोपशीर होती. "आपल्या हातून आजवर कुणाला साधा ओरखडा नाही," एवढंच ते वाक्य. ते लग्नाच्या मांडवात निघायचं, केस कापून घेताना निघायचं, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत शेजारच्या पेशंटलाही ऐकावं लागायचं. बायकोला तर ते इतकं पाठ झालं होतं की उस्तादांनी घसा खाकरला की तीच आतून ओरडायची, "नाही हो, ओरखडा नाही! जेवायला या आता."

मनातून मात्र तिला नवऱ्याचा भारी अभिमान होता. तो ती तोंडावर दाखवत नव्हती इतकंच, कारण आधीच हरभऱ्याच्या झाडावर बसलेल्या माणसाला आणखी वर चढवायचं कशाला? आणि बढाई पोकळ नव्हती. पापणी जड झाली की उस्ताद गाडी कडेला घेऊन सरळ ताणून द्यायचे, मग मालक फोनवर कितीही नाचो. निघण्याआधी प्रत्येक टायर हातोडीने ठोकून त्याचा आवाज ऐकायचे. आणि दगडांच्या बाबतीत तर त्यांच्या अंगात येत असे.

भरलेला ट्रक चढणीवर बंद पडला की ड्रायव्हर चाकांमागे मोठे दगड लावतो, म्हणजे गाडी मागे सरकत नाही. शिवाय मागून येणाऱ्यांना कळावं म्हणून रस्त्यातच थोड्या अंतरावर दगडांची रांग मांडतो. इथवर ठीक. पण गाडी दुरुस्त झाली की बहुतेक पठ्ठे स्टार्टर मारून पसार होतात आणि दगड तिथेच राहतात. उस्ताद आपले दगड तर उचलायचेच, दुसऱ्यांनी टाकून दिलेलेही गाडी थांबवून कडेला ढकलायचे आणि ढकलताना त्या अनोळखी ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. एकदा बायकोला शेजारी बसवून तिच्या भाच्याच्या लग्नाला निघाले होते. वाटेत असा दगडांचा संसार दिसला. उस्ताद उतरले, बायकोलाही उतरवलं, आणि नवी साडी नेसलेल्या त्या बाईने चार दगड हलवले. लग्न लागून गेल्यावर दोघं पोचली. ती पुढे आठवडाभर बोलली नाही.

असा हा माणूस. आणि त्यालाच ते घडावं!

त्या दिवशी चढणीवर क्लच गेला. मेकॅनिक यायला दुपार टळली, दुरुस्तीत संध्याकाळ झाली. अर्धा रस्ता अडलेला, मागे गाड्यांची रांग, प्रत्येकाचा हॉर्नवर हात. अखेर इंजिन लागलं तेव्हा मेकॅनिक म्हणाला, "उस्ताद, आता वर पोचेपर्यंत थांबू नका. थांबलात तर क्लच पुन्हा दगा देईल." उस्ताद निघाले. वर सपाटीला गाडी लावून चालत मागे यायचं आणि दगड उचलायचे, असं त्यांनी ठरवलं होतं. वर पोचले तर मालकाचा फोन, माल उतरवायला माणसं खोळंबली आहेत म्हणून शिव्यांची लाखोली. उस्तादांनी एकदा आरशात पाहिलं आणि गाडी पुढे काढली.

परतीच्या फेरीत चढणीखालच्या पंक्चरवाल्याने सहज सांगितलं, "परवा अंधारात एक बाई स्कूटरवरून पडली वर चढणीवर. दगडावर आदळली. पाय पार मोडला बिचारीचा."

घरी आल्यावर उस्ताद पानावर बसले आणि तसेच उठले. बायकोने खोदून खोदून विचारलं तेव्हा सगळं सांगितलं.

"तुम्हाला कुणी पाहिलं का पण?" तिने विचारलं.

"नाही."

"मग दगड काय फक्त तुम्हीच टाकता? दुसऱ्या कुणाचे असतील."

"अगं, मी जाऊन पाहिले. मी मांडलेले मला कळणार नाहीत?" उस्ताद म्हणाले. "माझेच होते."

नवऱ्याची नोकरी, पोरीची फी, घरभाडं, सगळं एका दमात तिच्या डोळ्यांपुढून गेलं. तिला त्या वेळी नवऱ्याचा रागच आला, हे ती आजही लपवत नाही.

तरी ती बाई दवाखान्यातून घरी आल्याचं पंक्चरवाल्याकडून कळल्यावर ती त्यांच्यासोबत तिच्या घरी गेली. बाई इस्त्रीचा धंदा करायची. स्कूटरवरून घरोघरचे कपडे गोळा करायची आणि संध्याकाळी घड्या पोचवायची. आता मांडीत सळई घातलेली, पाय उशीवर. टेबलावरची इस्त्री थंड, आणि कोपऱ्यात लोकांचे न नेलेले कपडे. उभं राहिल्याशिवाय इस्त्री होत नाही आणि उभं तर राहता येत नाही. कुबड्या घेऊन वकिलाकडेही जाऊन आली होती ती. वकील म्हणाले होते, "गाडीने ठोकलं असतं तर गाडीच्या विम्यातून भरपाई मागता आली असती. दगड कुणाच्या नावावर आहे? दावा लावायचा कुणावर?" पोलिसांच्या कागदात तर तिचंच लक्ष नव्हतं असं लिहिलेलं.

उस्ताद दारातच उभे होते. म्हणाले, "ताई, दगड माझ्या ट्रकचे आहेत. वकिलाला सांगा, माझ्यावर लावा."

ती बाई एवढी चिडली की हातातला काचेचा पेला तिने जमिनीवर आपटला. मग रडली. उस्तादांच्या बायकोने पेल्याच्या काचा गोळा केल्या, कारण दुसरं काय करावं तिला सुचेना.

मालकाने ऐकल्यावर कपाळावर हात मारला. "कुणी मागायला आलं नव्हतं, तर हा घरी जाऊन देऊन आला! विमा कंपनी मला उभं सोलेल. तुला साक्ष द्यायची तर खुशाल दे, पण आधी गाडीची चावी इथे ठेव." उस्तादांनी चावी ठेवली. ती टेबलावरून परत उचलायचा मोह झाला होता, असं त्यांनी नंतर बायकोला सांगितलं.

दावा उभा राहिला. तारखा पडत गेल्या. ट्रकच्या दगडामुळे झालेली इजा ही ट्रकच्या वापरातूनच झालेली इजा, असं बाईच्या वकिलाचं म्हणणं. दगड त्या ट्रकचे होतेच हे कशावरून, असं विमा कंपनीचं. आता सगळं उस्तादांच्या तोंडावर आलं. जन्मभर 'मी काही केलं नाही' म्हणणाऱ्या माणसावर 'मीच केलं' हे पटवून देण्याची पाळी आली होती.

साक्षीच्या दिवशी बायको मागच्या बाकावर बसली. विमा कंपनीचा वकील दरडावेल, खोटं पाडेल, बाईकडून काय घेतलंस म्हणून विचारेल, असं तिला वाटलं होतं. पण तो गडी हुशार निघाला. तो साखरेसारखा गोड बोलायला लागला.

"उस्ताद म्हणतात ना तुम्हाला? इतकी वर्षं गाडी चालवता, एकही अपघात नाही. खरं?"

"खरं."

"दुसऱ्यांनी सोडलेले दगडसुद्धा तुम्ही उचलता, असं तुमचे सोबतचे ड्रायव्हर सांगतात. खरं?"

"खरं आहे साहेब."

"मग असा माणूस स्वतःचे दगड रस्त्यात सोडून जाईल, हे कोर्टाने कसं मानायचं? त्या बाईची दया आली म्हणून तुम्ही दुसऱ्याची चूक अंगावर घेताय. तुमच्यासारख्या ड्रायव्हरने दगड उचललेच असणार. हो ना?"

मागच्या बाकावर बायको पुढे सरकून बसली. उस्ताद ज्या कौतुकासाठी जन्मभर हपापलेले होते, ते आज भर कोर्टात, न्यायाधीशांसमोर, काळ्या कोटातला माणूस ताटात वाढून देत होता. फक्त 'हो' म्हणायचं होतं. नोकरी परत, नाव शाबूत, आणि वर चांगुलपणाही पदरात. क्षणभर तिला वाटलं, म्हणून टाका हो. मग इस्त्रीवालीच्या कुबड्यांकडे तिची नजर गेली आणि ती स्वतःवरच ओशाळली.

उस्तादांनी घसा खाकरला.

"साहेब, तुम्ही सांगितलं ते सगळं त्या दिवसापर्यंत खरं होतं. त्या दिवशी मी उतरलो नाही. उतरायचं ठरवलं होतं, वर थांबलोही होतो. मालक ओरडला, उशीर झाला होता, आणि माझ्या मनात आलं की कुणाला काय होतंय. मला रस्ता ठाऊक होता, वळण ठाऊक होतं, अंधार पडणार हेही ठाऊक होतं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला आईबहिणीवरून शिव्या दिल्या असत्या. चूक माझी आहे. पाय त्या ताईंचा गेलाय."

वकिलाने आणखी दोनतीन वाटांनी घोळवून पाहिलं. उस्ताद तेच सांगत राहिले. शेवटी न्यायाधीशांनीच "पुरे" म्हटलं.

निकाल इस्त्रीवालीच्या बाजूने लागला. विमा कंपनीला भरपाई द्यावी लागली. पुढे तिने बसून करता येईल असं बुटकं टेबल बनवून घेतलं आणि हाताखाली एक बाई ठेवली. ती काही उस्तादांच्या पाया पडली नाही, पडायचं कारणही नव्हतं. उस्तादांवर निष्काळजीपणाचा ठपका बसला, दंड झाला, लायसन्स काही काळासाठी गेलं. ते आता एका गोदामात माल मोजतात आणि ओरखड्याचं वाक्य बोलत नाहीत.

पण गल्ली ती गल्ली. एकदा भाजीच्या गाडीपाशी शेजारणीने चारचौघींत आवाज चढवून विचारलंच, "काय हो, तुमच्या यांनी म्हणे अपघात केला? एवढे मिरवायचे ते! कळलं तरी कसं?"

उस्तादांच्या बायकोने हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा ती नवऱ्याबद्दल मोठ्या आवाजात बोलली.

"केला. दगड सोडून आले आणि एका बाईचा पाय मोडला. कुणी पाहिलं नव्हतं, कुणाला कळणारही नव्हतं. त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं."