पुढे सरकवलेली थाळी

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं तापतं. पोलिसाच्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पण त्यांचा एवढा मनस्ताप झाला नाही. हा तर एका सिमेंटच्या खांबाचा गुन्हा होता. त्या खांबापायी एका तरुणाची नोकरी जायला निघाली होती, आणि ती घालवायला निघालेली माणसं दर रविवारी हात वर करून देवाची स्तुती करणारी होती. नाव कुणाचंच सांगत नाही. ती माणसं अजून तिथंच राहतात आणि रोज एकमेकांच्या दारावरून जातात.

तेव्हा माझी नेमणूक कर्जत भागात होती. कडावच्या अलीकडे एका गावाच्या टोकाला ख्रिस्ती लोकांची प्रार्थनेची जागा होती. पत्र्याची शेड, पुढे अंगण, फाटकाला दोन निळे खांब आणि एका खांबावर निळा क्रूस. गावातली मोजकीच घरं त्यांच्यातली. बाकीची मंडळी खोपोली-खालापूरकडून टेंपोतून, मोटारसायकलींवरून यायची. येण्याला कुणाची हरकत नव्हती. पण गाड्या लावायची त्यांची तऱ्हा अशी, की गावचा एकुलता एक रस्ता सभा संपेपर्यंत बंद. नेमकी तीच वेळ डेअरीवर दूध पोचवायची. कॅन उन्हात तापत राहायचे, दूध नासायचं, आणि गाडी काढा म्हणून सांगायला कुणी गेलं तर दारावरचा माणूस म्हणायचा, "आराधना चालू आहे, थांबा." त्यांचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, शिकलेले आणि गोड बोलणारे गृहस्थ होते. मी त्यांना ठाण्यात बोलावून समजावलं. "हो साहेब, जरूर साहेब" म्हणाले. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

एका दूधवाल्या घरातला तरुण यावरून सर्वांत जास्त भांडायचा. बाप वारलेला, घरी आई आणि म्हशी. "एक दिवस हा खांबच उपटून टाकीन!" असं तो रागाच्या भरात चारचौघांत ओरडला होता. असलं बोलणं किती महागात पडतं हे पोलिसांना चांगलं ठाऊक असतं, बाकीच्यांना ते उशिरा कळतं.

एका रविवारी सकाळी तो खांब आडवा झालेला दिसला. क्रूसाचे दोन तुकडे. पाळक अख्खी मंडळी घेऊन ठाण्यात आले. ठाणे अंमलदाराला स्वतःच्या खुर्चीत बसायला वाट उरली नाही. फिर्याद पाळकांनी दिली, संशयित म्हणून दूधवाल्या तरुणाचं नाव घेतलं. साक्षीदार होता त्यांच्याच मंडळीतला एक टेंपोवाला. त्याने जबाब दिला, की आदल्या दिवशी दिवेलागणीला त्या तरुणाला पहार घेऊन खांबापाशी पाहिलं. तरुण म्हणाला, मी त्या वेळी गोठ्यात म्हशी धूत होतो. आता म्हशींचा जबाब नोंदवायची सोय कायद्यात नाही.

आधीची धमकी, डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार, वर प्रार्थनास्थळाच्या विटंबनेचं कलम. गुन्हा दाखल झाला, तरुणाला अटक झाली, कोर्टातून जामीन मिळाला. तोवर पडलेल्या क्रूसाचा फोटो मोबाइलवरून कुठल्या कुठे पोचला होता. मुंबईहून फोन, दिल्लीहून फोन. "तुमच्या भागात विश्वासणाऱ्यांचा छळ होतोय, तुम्ही काय करताय?" दुसऱ्या बाजूने गावातले पुढारी येऊन सांगायचे, "साहेब, ही शेडच बंद करून टाका, म्हणजे कटकट मिटेल." दोन्हीकडच्यांना खांबाशी काही देणंघेणं नव्हतं. मी वैतागून गेलो होतो.

दीडेक महिन्याने त्या तरुणाची आई आली. बाकावर बसली नाही, माझ्या टेबलासमोर उभीच राहिली.

"सायेब, पोराची पोलीस भरतीत निवड झालीय. आता चौकशीचा कागद येनार. त्यात ह्यो गुना लागला, तर घेतील का त्याला?"

चारित्र्य पडताळणीचं पत्र माझ्या टेबलावर येऊन पडलंच होतं. गुन्हा दाखल आहे, एवढं एक वाक्य लिहून पाठवलं की पोराची वर्दी शिवायच्या आधीच उसवली असती. मी तिला तसं स्पष्ट सांगितलं. खोटा धीर देण्यात अर्थ नव्हता.

ती म्हणाली, "माजी सासू अंथरुणाला खिळली व्हती, तवा ह्याच लोकांच्या बाया पेज घेऊन यायच्या. तिचे पाय चेपायच्या. मला वाटलं व्हतं, यांचा देव खरा असंल. मी बी एकदा सभंला जानार व्हते. आता तुमीच सांगा, कुनाच्या तोंडाकडं बघून जाऊ?"

मी पडताळणीचा अहवाल रोखून धरला आणि तपास पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.

पुढच्या रविवारी तणाव नको म्हणून मी स्वतः त्या शेडबाहेर बंदोबस्ताला उभा राहिलो. दार उघडंच होतं. त्या दिवशी त्यांचं प्रभुभोजन होतं. महिन्यातून एकदा भाकरीचे बारीक तुकडे थाळीतून फिरवतात, पाठोपाठ द्राक्षरसाचे छोटे पेले येतात. सगळे डोळे मिटून घेत होते. शेवटच्या रांगेतल्या टेंपोवाल्याकडे थाळी आली. त्याने ती हातात धरली, खाली पाहिलं आणि तुकडा न घेता पुढे सरकवली. पेल्यांचंही तेच.

दाराशी त्यांच्यातलीच एक म्हातारी बसली होती. मी हळूच विचारलं, "आजी, तो का घेत नाही?"

"गेल्या टायमाला पन घेतलं नाय त्यानं," ती म्हणाली. "मनात कुनाचं काय वाकडं असंल, तर आदी त्या मानसाकडं जाऊन मिटवायचं, मंग घ्यायचं. तसंच घेतलं तर देवाफुडं गुना हाय, बाबा."

सभा संपेपर्यंत मी बाहेर उभ्या असलेल्या त्याच्या टेंपोभोवती एक चक्कर मारली. मागचा फाळका, म्हणजे माल चढवायचं लोखंडी दार, नवा होता. टेंपो जुना, रंग उडालेला, आणि फाळका तेवढा कोरा करकरीत. मी हवालदाराला खालापूरच्या वेल्डिंगवाल्याकडे पाठवलं. काढलेला जुना फाळका त्याच्या भंगारात पडलेला होता. मधोमध पोचा, आणि पोच्यात निळा रंग.

टेंपोवाल्याला बोलावलं. मी आवाज चढवला नाही, फाळक्याचं नावही काढलं नाही. चहा मागवला आणि विचारलं, "प्रभुभोजन का घेत नाहीस?"

चोराला चोरीचं विचारलं की तो सावध होतो. याला मी भलतंच विचारलं होतं. त्याने न पिताच कप खाली ठेवला.

"घेता येत नाय, सायेब."

"का?"

"तसं घेतलं तर पाप लागतं."

आता मात्र माझा तोल गेला. "आणि माझ्यासमोर खोटा जबाब दिलास, एका पोराला कोठडीत बसवलंस, त्याचं पाप लागत नाही?"

"सही करताना काय वाटलं नाय, सायेब," तो म्हणाला आणि रडायला लागला. "थाळी हातात आली का त्या पोराचं तोंड दिसतं. गिळवत नाय."

मग सगळं बाहेर आलं. रविवारच्या सभेसाठी खुर्च्या उतरवून तो आदल्या संध्याकाळी टेंपो मागे घेत होता. फाळका खांबावर बसला, खांब आडवा. त्याने त्याच वेळी पाळकांना सांगितलं. ते म्हणाले, सकाळी बघू. सकाळी लोक जमले, कुणीतरी दूधवाल्याचं नाव घेतलं, आणि पाळकांनी ते नाव फिर्यादीत घातलं. साक्षीदार हवा होता, तो समोरच उभा होता.

पाळकांना बोलावलं. आधी ते म्हणाले, "मी कुणाचं नाव घेतलं नाही, लोकांनीच घेतलं."

"फिर्यादीवर सही कुणाची आहे?"

त्यांनी फिर्यादीचा कागद पुढे ओढून सही पाहिली. मग म्हणाले, "साहेब, फोटो सगळीकडे गेला. किती ठिकाणी आमच्यासाठी प्रार्थना सुरू झाल्या. मग मागे कसं फिरणार? आता हे बाहेर आलं तर प्रभूच्या नावाला बट्टा लागेल. त्यापेक्षा मी लिहून देतो, की आम्ही त्या मुलाला क्षमा केली. तक्रार मागे घेतो."

मी कपाळावर हात मारून घेतला. त्या पोराने न केलेल्या गुन्ह्याची त्याला क्षमा! वर गावात यांचा मोठेपणा!

"पाळकसाहेब," मी म्हणालो, "मी काही तुमच्या देवाचा माणूस नाही. पण 'माझं नाव राखायला शेजारच्या विधवेच्या पोराला आत घाला' असं त्याने सांगितलं नसणार, एवढं मलाही कळतं. त्याच्या नावाला बट्टा लागायचा तो लागून चुकलाय. तुम्ही आता खरा जबाब द्या."

दिला. तोही वकिलाला फोन केल्यानंतर. फिर्याद खोटी असल्याचा अहवाल मी कोर्टात पाठवला, दोघांवर रीतसर कारवाई केली आणि पोराच्या पडताळणीवर 'काही आक्षेपार्ह नाही' असं लिहून सही ठोकली. तो पोलिसात रुजू झाला.

पुढच्या रविवारी पाळकांनी माइकवरून माफी मागितली. "आमच्या हातून कळत-नकळत काही चुका झाल्या असतील, तर..." असं ते लांबलचक भाषण होतं. पोराची आई रस्त्यावर उभी राहून ऐकत होती. मला म्हणाली, "काय चुकलं ते बोललाच नाय की ह्यो." आणि घरी निघून गेली.

टेंपोवाल्याने मात्र सभेच्या आधीच तिचा गोठा गाठला होता. शेजारपाजारच्यांना त्यानेच हाका मारून गोळा केलं आणि सर्वांसमोर सांगितलं, "खांब मी पाडला. ह्यांच्या पोराचं नाव मी खोटं घेतलं." आईने त्याला तोंडभरून शिव्या दिल्या. त्याने मान खाली घालून सगळ्या ऐकल्या. शिव्या संपल्यावर तिने त्याला चहा दिला. त्या गावात त्यानंतर लोक त्याच्याशी बोलायचे, पाळकांना बघून मात्र रस्ता बदलायचे.

या धंद्यात सगळ्या धर्मांची माणसं माझ्यासमोर बसून खोटं बोलली आहेत, तेव्हा एकट्या ख्रिस्ती लोकांना नावं ठेवायचं मला कारण नाही. राग याचा येतो, की ही मंडळी आपला देव दुसऱ्याला सांगायला आपणहून दारोदार जातात. मग निदान एवढं तरी ध्यानात ठेवावं, की समोरचा माणूस त्यांचं पुस्तक उघडत नाही. तो त्यांच्याकडे बघतो. आजारी सासूला पेज पाजणाऱ्या बायांनी तिथं वर्षानुवर्षं जे मिळवलं होतं, ते एका सहीत गेलं, आणि त्या बायांना कुणी विचारलंही नव्हतं.

मी निवृत्त झालो तेव्हा त्या तरुणाचा फोन आला. आता तो दुसऱ्या जिल्ह्यात शिपाई आहे. ख्यालीखुशाली झाल्यावर तो घुटमळला.

"साहेब, एक सांगायचं होतं. इथं ठाण्यात एक म्हातारा ख्रिस्ती आला होता. म्हणाला, घरावर दगड मारतात, खिडक्या फोडल्या. मला वाटलं, हाही तसलाच. दिवसभर बाकावर बसवून ठेवला. साहेबांना कळवलंच नाही."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी पुन्हा मारले. त्याच्या बायकोच्या डोळ्याला काच लागली. त्याचं सगळं खरं होतं, साहेब."

मी त्याला फोनवरच झाप झाप झापलं. अंगावर वर्दी घालायची तर जुना राग घरी ठेवायचा, हे त्याला सुनावलं. शेवटी तो एवढंच म्हणाला, "कळतं साहेब. पण त्यांच्यातला कुणी समोर आला, की मला तो खांबच दिसतो."

फोन ठेवल्यावर मी पाळकांचा नंबर शोधून लावला. त्यांनी ओळखलं, मोठ्या अगत्याने विचारलं, "बोला साहेब, कशी आठवण काढलीत?" मी त्यांना त्या बाईच्या डोळ्याबद्दल सांगितलं, त्या पोराला अजून दिसणाऱ्या खांबाबद्दलही सांगितलं. ते म्हणाले, "फार वाईट झालं. त्या बहिणीसाठी आम्ही जरूर प्रार्थना करू."