पार्टिशनपलीकडचे चिंचोके

सहामाहीच्या आदल्या आठवड्यात माझ्या वर्गातली दोन पोरं लाकडी पार्टिशनच्या फटीला डोळा लावून बसलेली मला सापडली. सत्तरच्या दशकातली गोष्ट, धरमपेठेतली आमची शाळा. अलीकडे माझी सातवी ब, पलीकडे मेश्राम सरांची सातवी अ… आणि पोरं चोरून बघत होती तो गणिताचा तास.

मेश्राम कन्हानचा, वर्षभरापूर्वी लागलेला. तोवर शाळेत गणित म्हणजे मी. काटोलला संत्र्यांच्या पेट्यांना खिळे ठोकत शिकलो, कुणाच्या वशिल्याने आलो नव्हतो. आता हा कालचा पोरगा खिशातून चिंचोके काढायचा आणि पलीकडे वर्ग हसायचा… माझे कान तिखट. फळ्यावर लिहितानाही ते तिकडेच.

स्टाफरूममध्ये मी टोमणा मारला, "काय गा मेश्राम, गणित शिकवून राहिला का चौसर मांडून राहिला?"

"दोन्ही सर. तुम्ही बी या एक डाव खेळाले."

सगळे हसले. मला ते आठवडाभर झोंबलं.

त्या वर्षी हेडमास्तरांनी टूम काढली, पेपर एकमेकांच्या वर्गाचे तपासायचे. मी मनातून खूश. लाल पेन घेऊन बसलो आणि सातवी अ ला सोलून काढलं. पायरी गाळली, कापा मार्क. उत्तरं बहुतेक बरोबर होती… म्हणून जरा जास्तच कापले.

माझ्या वर्गाचा गठ्ठा त्याच्याकडून परत आला. पाचव्या गणिताला कुठेच मार्क नाहीत, नुसती पेन्सिलची खूण. टोपलीत चोवीस संत्री, एक तृतीयांश विकली, उरलेल्यांतली निम्मी वाटली, किती राहिली? उत्तर आठ. माझ्या जवळजवळ सगळ्या वर्गाने लिहिलं होतं, चार.

सुतळीत चिठ्ठी खोचलेली. 'सर, इतक्या पोरांची चूक एकच आहे. तुमच्याशी बोलून मार्क देतो. हेडमास्तरांना दाखवलेलं नाही.'

कानशिलं तापली. 'अपूर्णांक दिसले की आधी बेरीज, मग एकातून वजा' ही माझी युक्ती, तिचा मला केवढा अभिमान… 'उरलेल्यांतली' हा शब्द नीट वाचायला मी शिकवलंच नव्हतं. संत्र्यांत वाढलेला माणूस मी. आणि वार्षिकला हीच पोरं याच जागी आपटणार होती.

मधल्या सुट्टीत त्याच्याकडे गेलो. माफीबिफी काही जमली नाही. एवढंच विचारलं, "हेडमास्तरले काहून नाही सांगितलं?"

"सांगून काय करू? तुम्ही माझ्या पोट्ट्यांचे मार्क कापले ते बरोबरच आहे. पायऱ्या लिहाले शिकवणं मले जमत नाही. तुमचे कसे स्वच्छ लिहितात." मग म्हणाला, "उद्या वर्ग बदलू सर. तुम्ही माझ्यावाल्यांले पायऱ्या शिकवा, मी तुमच्यावाल्यांले चिंचोके. मग हे गणित पुन्हा सोडवाले देऊ."

बदलले. मी त्याच्या फळ्यावर पायऱ्या मांडत होतो आणि पार्टिशनपलीकडून कुसुमचा आवाज आला. माझ्या वर्गातली शेवटच्या बाकावरची कुसुम. जूनपासून तिने माझ्या तासाला तोंड उघडलं नव्हतं. खणखणीत सांगत होती, "सर, पहिले आठ बाजूला काढा… आता जे उरले, त्याचे अर्धे."

माझा खडू थांबला. समोरच्या बाकावरून एकाने विचारलं, "सर, थांबले काहून?"

आयुष्यात कुणावर इतका जळलो नसेन. पण तिचं बोलणं पूर्ण ऐकल्याशिवाय पुढची पायरी माझ्याने लिहवली नाही.

पुढे मी रिटायर होईपर्यंत आम्ही वर्ग बदलत राहिलो. कुसुम तर त्याच वर्षी माझ्या तासालाही बोलायला लागली, कधीकधी माझी चूकही काढायची…

मेश्राम, वाचत असशील तर, ती चिठ्ठी हेडमास्तरांच्या टेबलावर न ठेवता माझ्या गठ्ठ्यात ठेवलीस, त्याचे आभार मानायचे राहिले होते. आज मानतो. जळतो मात्र अजूनही.