आम्हाला मालकीण म्हणणाऱ्या ताई

"काय मालकीण, आज काय पेरायचं?"

ताईंनी पहिल्या दिवशी मला हे विचारलं, तेव्हा मी मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. बांधावर एक शेळी तेवढी चरत होती. माझ्या आजीला, आईला आणि मला गावानं कायम "ए बाई" अशीच हाक मारलेली. मालकीण म्हणजे झाडाखाली सावलीत बसून आमच्यावर नजर ठेवणारी. ताई मात्र प्रत्येकीला मालकीणच म्हणायच्या, आणि आम्ही लाजून पदर तोंडात धरायचो.

त्या परंड्याकडच्या. बायकांच्या एका संस्थेत कामाला. बेंबळीच्या स्टँडवर तुम्ही त्यांना पाहिलं असतं, तर विसरला नसता. लुगड्याखाली पुरुषी कॅनव्हासचे बूट, खांद्याला बियाण्यांची पिशवी, आणि बोलणं असं की कंडक्टरनं तिकीट द्यायचं विसरावं.

बेंबळीजवळच्या आमच्या गावात, गावाबाहेरच्या आमच्या दलित वस्तीत कुणालाच जमीन नव्हती. खुरपणी, काढणी, मळणी, सगळी कामं हाताला येत होती. पण काय पेरायचं हे आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. गावातल्या अण्णांचं पडीक पडलेलं रान ताईंनी आम्हा पाच जणींना बटईनं मिळवून दिलं. अर्धा माल अण्णांचा, अर्धा आमचा.

"तुमच्या आया काय खायच्या, ते सांगा," ताई म्हणाल्या.

आमच्यातली सुंद्री पहिल्यांदा म्हणाली, "अंबाडी." दुसरी म्हणाली, "चवळी." मग भेंडी, राळा, कारळ. इतका गलका झाला की कोण काय म्हणतंय ते कळेना.

"मग तेच पेरू. ज्वारी पेरायच्या पाभरीसंगं."

बी ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवतं का ते बघायचं, कुठली ओळ कुणाशेजारी धरायची, पुढच्या सालासाठी बी कुठल्या झाडाचं राखायचं, हे त्यांनी शिकवलं. आमचं चुकलं की त्यांना आनंदच व्हायचा. सुंद्रीनं अंबाडी इतकी दाट पेरली की ताई बघून हसत हसत बांधावर बसल्या. "अगं, ही अंबाडी हाय का मेंढीची लोकर?" मग सगळ्यांनी मिळून ती विरळली. उपटलेल्या कोवळ्या पाल्याची भाजी तिथंच तीन दगडांच्या चुलीवर शिजवली.

ती खाता खाता त्यांनी सांगितलं, की ही ज्वारी, चवळी, अंबाडी मूळची आफ्रिकेची. तिथल्या काळ्या माणसांना धरून, जहाजात कोंबून अमेरिकेत नेलं. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या रानात गुलाम म्हणून राबवलं. त्यांचं बीसुद्धा त्यांच्यासंगं समुद्रापार गेलं.

"आता त्यांची पतवंडं सोताची शेती शिकायलेत. त्यांना शिकवणारी एक बाई मला हैदराबादला भेटली व्हती. तीबी काळीच, आन् माझ्यासारखीच लई बडबडी."

सुंद्रीचा घास हातातच राहिला. "त्यांनाबी रान न्हवतं?"

"लई जणांना न्हवतं."

"मग आता?"

"आता चवळी पिकवतेत."

पीक गुडघ्याला लागलं तेव्हा अण्णा रानात आले. त्यांना ते हिरवं रान बघून राग आला. "ह्यो काय पसारा केलाय? ह्याला कोण इचारतंय बाजारात? मोडा आन् सोयाबीन टाका. न्हायतर रान सोडा."

आम्ही ताईंकडं पाहिलं. ताई खाली बसून बुटाची नाडी बांधायला लागल्या. "मालकिणींना इचारा," एवढंच म्हणाल्या.

मला त्यांचा संताप आला. ऐन वेळी ही बाई गप्प? अण्णांसमोर मी कधी मान वर करून उभी राहिले नव्हते. कसं कोण जाणे, तोंडातून निघालं, "मोडणार न्हाय, अण्णा. आमी ठरवून पेरलंय. सुगी हुईस्तोवर थांबा. तुमचा वाटा न्हाय आला, तर आमी आपणहून रान सोडू."

अण्णांनी चवळीचा एक वेल पायानं बाजूला सारला. मग "बघू," म्हणून निघून गेले. ताईंनी नाडी तशीच सोडली, उठल्या आणि मला अशी मिठी मारली की माझ्या हातातलं खुरपं त्यांच्या लुगड्यात अडकलं.

नवरात्राच्या सुमाराला त्यांनी हैदराबादला भेटलेल्या त्या अमेरिकेतल्या बाईला रानातून व्हिडिओ कॉल लावला. इथं ऊन कललं होतं, तिथं नुकतंच वर आलेलं. पडद्यावर आठ-दहा काळ्या बायका-माणसं, पाठीमागं त्यांचं रान. संस्थेतली एक मुलगी दोन्हीकडचं बोलणं सांगत होती. पण सुंद्रीनं अंबाडीची लाल बोंडं मोबाईलसमोर धरली आणि तिकडं एकच ओरडा झाला. त्यांच्यातला एक उंच गडी धावत गेला आणि तश्शीच लाल बोंडं घेऊन आला! मग आम्ही चवळी दाखवली, त्यांनी चवळी दाखवली. आम्ही भेंडी, त्यांनी भेंडी. ते सणाला त्या बोंडांचं सरबत करतात आणि वर्षाच्या पहिल्या दिवशी चवळी खातात म्हणे. आम्ही उड्या मारत होतो. पुढं त्या मुलीला कुणी काही विचारलंच नाही.

त्याच आठवड्यात बेंबळीच्या बाजारात आम्ही पहिल्यांदा स्वतःचा माल घेऊन बसलो. बराच वेळ कुणी फिरकलं नाही. लोक भाजी बघायचे, मग आमची तोंडं बघायचे आणि पुढं जायचे. माझं मन खचत चाललं. तेवढ्यात अण्णांची म्हातारी आई काठी टेकत आली. अंबाडीचा पाला हुंगला. आमच्या वस्तीतल्या बाईकडून काही घ्यायचं तर ते वरून टाकून घ्यायची त्या घरची रीत. मी जुडी उचलली आणि थांबले.

म्हातारीनं हात पुढं केला आणि माझ्या हातातून जुडी घेतली. "कवळी हाय गं," म्हणाली. "चवळीबी दे."

तिच्या मागोमाग माणसं आली. दुपारपर्यंत पाट्या रिकाम्या. सुगीला अण्णांचा वाटा आम्ही त्यांच्या दारात नेऊन टाकला. "पुढल्या सालीबी तुमीच करा," ते म्हणाले, आमच्याकडं न बघता. पण म्हणाले.

त्यानंतर ताईंचं येणं कमी झालं आणि मग थांबलंच. आम्ही रुसलो, तर म्हणाल्या, "आता तुमच्यात माझं काय काम?" हल्ली त्या मुरुमकडं असतात. तिथं नव्या बायकांनी रान धरलंय. त्यातल्या पुष्कळ जणी घरात कानडी बोलतात, म्हणून ताई कानडी शिकायलेत.

परवा मी फोन केला. "ऊटा आयता?" त्यांनी विचारलं. म्हणजे जेवण झालं का. मी उत्तर देईपर्यंत तिकडून कुणीतरी हाक मारली. "आले, आले," म्हणत त्या गेल्या, फोन बंद करायचा विसरून. तिकडं बायकांचं कडाक्याचं भांडण चाललं होतं. चवळी कुठल्या ओळीला टाकायची यावरून. निम्मं मराठी, निम्मं कानडी. ताईंचा आवाज काही येत नव्हता. मी फोन स्पीकरवर टाकला, सुंद्रीला बोलावलं, आणि आम्ही दोघी बांधावर बसून ते भांडण ऐकत राहिलो.