काजूच्या किडीचं पुस्तक

डांबरगोळीचा वास आला की आमच्या ग्रंथालयातल्या बाई आठवतात आणि आजही डोकं तापतं. काजूच्या किडीवरचं पुस्तक न्यायला गेलो, तर त्यांनी बाकावरच्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं. “तेका वाचूक येत नाय. आदी तेका वाचून दाखव, मगे घेवन जा.” दात-ओठ खात वाचलं आणि चारची दोडामार्ग एसटी चुकली. शेवटी म्हातारा म्हणाला, “औषध मगे रे. आदी बुंध्याकडे भुसो बघ, थंय तार घालून कीड काढ.” पुस्तकात हे नव्हतंच. आठवड्याने पुस्तक परत करायला गेलो, तर तोच बाक, तोच म्हातारा, आणि एक वैतागलेला माणूस त्याला केळीवरचं पुस्तक वाचून दाखवत होता. बाईंनी मान वर केली नाही. त्या तारेनेच माझी काजूची बाग वाचली. एसटीचा राग मात्र अजून गेलेला नाही.