विमानाचं पोट

माझ्या सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात मला एकच काम सांगितलं, आणि तेही घरात दुसरं कोणी नव्हतं म्हणून.

मी मानपाड्याला एका फाउंड्रीत पॅटर्न बनवायचो. म्हणजे लोखंडाचा जो भाग ओतायचा तो आधी लाकडात करायचा, मग तो वाळूत दाबून साचा घ्यायचा. शाळा चौथीत सुटली. शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, यावर आईचं आणि माझं कधी जमलं नाही. मराठी वाचतो, बोट ठेवून. इंग्लिशमधले फक्त आकडे कळतात, कारण ते ड्रॉइंगवर असतात.

सासरे मोहन्याला राहायचे, कारखान्यातनं रिटायर झालेले. त्यांना मुलीसाठी बँकेतला जावई पाहिजे होता. मिळालो मी. लग्नात माझी ओळख करून देताना "इंजिनीअरिंग लाइनला आहेत" एवढं बोलून ते घाईघाईनं पुढच्या पाहुण्याकडे गेले.

त्यांना मी मामा म्हणायचो. मामा तरुणपणी, दुसऱ्या महायुद्धाच्या वेळेला, विमानदलात होते. उडवायला नाही. लढाऊ विमानं पुसायची, पेट्रोल भरायचं, चिखल काढायचा, आणि इंजिन जोरात चालवून बघायच्या वेळी शेपटीवर बसायचं.

"शेपटीवर?" मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलेलो.

"पुढून जोर लागला की मागून उचलतं ते. मग वजन नको?"

"म्हणजे तुमची भरती वजनावर झालेली?"

त्यानंतर बरेच दिवस मामा माझ्याशी मामीमार्फत बोलले. मी समोर बसलेलो असायचो आणि ते मामीला म्हणायचे, "त्यांना विचार, भात घेणार का."

ते विमान म्हणजे स्पिटफायर. मामांनी बाकी आयुष्याबद्दल कधी चार वाक्यं सांगितली नाहीत, पण त्या विमानाचं नाव घेतलं की आवाज बदलायचा.

ऐंशीचं दशक संपत आलेलं तेव्हा मामांना काचबिंदू निघाला. कल्याणच्या डॉक्टरनं सांगितलं, गेलं ते परत येणार नाही, राहिलंय ते हळूहळू जाईल. कडेकडेनं अंधार येतो म्हणे, मध्ये एक खिडकी राहते, ती पण बारीक होत जाते. एका रविवारी मी बायकोला न्यायला मोहन्याला गेलेलो. ती आणि मामी बाजारात. घरात मामा आणि मी. दोघंही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलेलो.

"जावईबापू," मामा अचानक म्हणाले, "लाकडाचं काम करता ना?"

"करतो."

"मग एक विमान करा. ते विमान."

"करतो की. कसं होतं सांगा फक्त."

"नाही सांगणार."

मला वाटलं, जुना राग काढतायत. पण ते म्हणाले, "माझ्या डोक्यात ते आहे. पण डोळे चाललेत म्हटल्यावर वाटायला लागलंय, ते तसंच होतं, की इतक्या वर्षांत मीच मनानं रचलंय? एकदा ताडून बघायचंय, दिसतंय तोवर. मी सांगितलं तसं तुम्ही केलंत तर माझंच मला परत मिळणार. त्यात काय कळणार? पुस्तकातनं करा. चांगल्या पुस्तकातनं."

ज्या माणसाला पुस्तक वाचता येत नाही त्याला चांगलं पुस्तक शोधायला पाठवलं. पण जावयाला एवढं तरी सांगितलं, म्हणून मी पण छाती काढून हो म्हटलं.

तेव्हा आत्तासारखं मोबाइलवर बोट फिरवलं की विमान हजर, असं नव्हतं. मी सुरुवात डोंबिवलीच्या रद्दीवाल्यापासून केली. पहिल्याच फेरीत एक जाडजूड पुस्तक मिळालं, वर हे एवढं विमान, मागे आग, धूर. मी खुशीत घरी आणलं. बायको दहावी झालेली, इंग्लिश अडखळत का होईना वाचते. तिनं मधलं एक पान वाचलं, मग शेवटचं वाचलं.

"अहो, ही लव्हस्टोरी आहे."

"आणि विमान?"

"विमानातनं तो येतो. मग उतरतो. मग काही ते विमान परत दिसत नाही."

मग ठाण्याच्या जुन्या लायब्ररीत गेलो. टेबलावर एक बाई होत्या. मी म्हटलं, "लढाईतल्या विमानाचं पुस्तक पाहिजे."

"वाचायला?"

"नाही, बघायला."

"निदान खरं बोललात," बाई म्हणाल्या आणि कपाटातनं एक वीटभर जाडीचं पुस्तक काढून दिलं. घरी न्यायचं नाही, इथेच बसून बघायचं.

बघितलं. पानापानावर गोरे साहेब. मिश्यावाले साहेब, चहा पिणारे साहेब, कुत्र्याला कडेवर घेतलेले साहेब. ज्या फोटोत विमान होतं त्यात साहेब त्याला टेकून उभा, आणि नेमका मला पाहिजे त्या भागाला टेकून. ही विमानं टेकायलाच बनवलेली असावीत असं माझं मत झालं. शेवटी एक बाजूनं काढलेला आणि एक वरून काढलेला, असे दोन फोटो चांगले मिळाले. खिशातनं बटर पेपर काढला, पुस्तकावर ठेवला आणि गिरवायला लागलो.

"अहो! अहो, काय करताय?"

"छापतोय."

"लायब्ररीच्या पुस्तकावर?"

"वरवर छापतोय, बाई. खाली उमटत नाही."

उमटलेलं. दोघांनी बघितलं. मला बाहेर काढण्यात आलं, पण बटर पेपर माझ्याकडेच राहिला.

त्यावरनं मी सागाचं विमान केलं, हातभर लांब. पंख पातळ, टोकाला गोल होत गेलेले, कंपनीत सगळ्यांनी हातात घेऊन बघितलं. मोहन्याला नेलं. मामा खिडकीत बसले, विमान डोळ्यांच्या अगदी जवळ धरलं आणि हळूहळू फिरवलं.

"झकास. वरून झकास आहे." मग उलटं केलं. खाली मी पोळपाटासारखं सपाट घासलेलं. "आणि हे?"

"खाली काय असतं?"

"खाली मी असायचो," मामा म्हणाले.

मी विमान सुलटं करायला हात पुढे केला. त्यांनी ते सोडलं नाही.

"वरून साहेबांनी बघितलं, जावईबापू. मी पंखाखाली उताणा पडलेला असायचो. पंखांखाली दोन पेट्या होत्या. त्यातनं हवा जाऊन इंजिनचं पाणी आणि तेल थंड व्हायचं. त्यांच्या तोंडात गवत, चिखल जाऊन बसायचा, तो मी बोटांनी काढायचो. एक पेटी मोठी होती, एक लहान."

"मामा, ते मशीन आहे. दोन्ही बाजू सारख्याच असणार. नाहीतर उडेल कसं, कलंडेल ना?"

"तेच तर बघायचंय. माझ्या डोक्यात एक मोठी आणि एक लहान आहे."

"मोठी कुठल्या पंखाखाली?"

"ते पुस्तकाला विचारा."

पुन्हा शोध सुरू. पण आता मला कळलेलं की विमानाचं पोट कोणी छापत नाही. कल्याणला स्टेशनबाहेर फूटपाथवर एक पोरांचं चित्रांचं पुस्तक मिळालं, त्यात दोन्ही पेट्या एकसारख्या मोठ्या. मी नाचत घरी आलो. म्हटलं, मी बोललेलो ना, सारख्याच असणार! एकदा तरी सासऱ्यापुढे माझं खरं झालं. बायकोनं चित्राखालचं वाचलं आणि म्हणाली, "नाचू नका. ह्या विमानाला नंबर आहेत. एकामागून एक सुधारून काढलेत, स्कूटरचं मॉडेल बदलतं तसं. हे नऊ नंबर आहे. बाबांचं कितवं होतं?"

बाबांना विचारलं. "पाच," मामा म्हणाले. प्रश्न पुरा व्हायच्या आत म्हणाले.

म्हणजे विमानाचं पुस्तक, त्यात पोट, आणि तेही पाच नंबरचं. मी सुट्टीच्या दिवशी ठाण्यापासून कल्याणपर्यंत रद्दीची दुकानं पालथी घालायला लागलो. दुकानदार लांबूनच ओरडायचे, "विमानवाले, आज पण नाही!" इकडे मामांची खिडकी बारीक होत चाललेली. आधी पेपर सुटला, मग जिना उतरताना पायरी चुकायला लागले. मामी मला दर वेळी दारातच विचारायची, "मिळालं का हो?" आणि मी रिकामे हात दाखवायचो.

शेवटी मिळालं ते बाळकुमला. तिकडे तेव्हा नवीन बिल्डिंगा उठत होत्या, लोक येत होते, जात होते, जाताना पुस्तकं टाकत होते. तिथला रद्दीवाला म्हणाला, "काका, हे बघा, तुमचंच दिसतंय. पण कव्हर नाय, फोटो नाय. आत नुसती भूमिती आहे."

पातळसं पुस्तक, पिना गंजलेल्या. मध्ये घडी घातलेला मोठा कागद. उघडला तर विमान समोरून, बाजूनं, वरून आणि खालून. बाजूला पाचाचा आकडा. साहेब नाही, मिशी नाही, कुत्रा नाही. नुसत्या रेघा आणि मापं. मला वाचता आलेलं आयुष्यातलं पहिलं इंग्लिश पुस्तक.

आणि पोटाखाली दोन पेट्या. एक चौकोनी, मोठी. एक लहान, गोलसर. मामांचं बरोबर होतं. निदान अर्धं, कारण मोठी कुठल्या बाजूला ते त्यांनी सांगितलेलंच नव्हतं.

मी कागद कंपनीतल्या बाकावर पसरला आणि मापानं पेट्या केल्या. दोन्हींना तोंडं कोरली, मामांच्या करंगळीचं टोक जाईल एवढी. पॅटर्नमधले सुटे भाग आम्ही खुंट्यांवर बसवतो, तशा त्या पंखांखाली बसवल्या. विमान आणि ते पुस्तक घेऊन बायकोबरोबर मोहन्याला गेलो.

पण मला उशीर झालेला. मामांना तोपर्यंत उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. मामीनं विमान त्यांच्या मांडीवर ठेवलं, नाक पुढे करून. मामांनी वरून हात फिरवला नाही. दोन्ही हात सरळ खालून घातले. उजवा हात उजव्या पंखाखाली गेला आणि थांबला. मग डावा हात चाचपडला. मग परत उजवा.

"मोठी डावीकडे?"

"हो."

"पुस्तकात अशीच आहे?"

"रेघ न् रेघ."

मामांनी विमान उचलून बाजूला खाटेवर ठेवलं. "मग माझंच चुकलं," म्हणाले. "काम छान केलंत." आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. त्यांनी माझं पहिल्यांदाच कौतुक केलं, तेही असल्या वेळी.

मामीनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच डोळे फोडले. बायको कागद घेऊन खाली बसली. "अहो, ह्या चित्राखाली लिहिलंय, खालून."

"माहितीये. पोट आहे ते."

"म्हणजे खालून बघितलेलं. तुम्ही कसं बघितलंत?"

"बाकावर ठेवून, वाकून."

"मग ते वरून झालं ना!"

मला पटेना. म्हणून जमिनीवर उताणा पडलो आणि कागद तोंडावर धरला. डोकं शेजाऱ्यांच्या भिंतीकडे, विमानाचं नाक पण तिकडेच. मोठी पेटी माझ्या डाव्या हाताला, खिडकीकडे. तसाच उठून बसलो आणि नाक होतं त्या बाजूला तोंड केलं. खिडकी उजवीकडे, म्हणजे मोठी पेटी पण उजवीकडे.

पॅटर्नमेकर म्हणून मी पंधरा वर्षं पगार घेत होतो. हाताखालच्या पोरांना डावं-उजवं उलटं केलं म्हणून शिव्या देत होतो.

मी पेट्या उपटल्या, अदलाबदल करून बसवल्या आणि विमान मामांच्या हातात दिलं. "मामा, पुस्तकात मोठी उजवीकडेच आहे. मी उलटं वाचलं."

मामांनी हात लावला, पण चेहरा बदलला नाही. "मला बरं वाटावं म्हणून फिरवलीत."

"शप्पथ, नाही."

"बाबा, खरंच," बायको म्हणाली.

"तू त्यांचीच बाजू घेणार." मामा उठून बसले आणि मामीच्या दिशेला हात केला. "तू झोप खाली. तू बघ. तू मला बरं वाटेल असं आजपर्यंत कधी बोलली नाहीस."

"मी? ह्या वयात? गुडघे काय म्हणतील?"

"झोप."

मामी भिंत धरत, आई गं करत खाली झाली. डोकं आणि विमानाचं नाक शेजाऱ्यांच्या भिंतीकडे, असं मोठ्यानं सांगून मी कागद तिच्या तोंडावर धरला. "कसल्या मेल्या बारीक रेघा," ती म्हणाली. "हं. एक मोठी आहे, एक लहान आहे."

"मोठी कुठे?"

"खिडकीकडे."

मामांनी विमानाचं नाक शेजाऱ्यांच्या भिंतीकडे केलं, खिडकीच्या बाजूचा पंख बोटांनी धरला आणि खाली पेटीच्या तोंडात करंगळी घातली. बराच वेळ काढलीच नाही.

मी निघताना पुस्तक पिशवीत टाकायला लागलो तर म्हणाले, "ते राहू दे इथेच." आंधळ्या माणसाला पुस्तक कशाला, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलेलं, पण त्या दिवशी मी पुरेसा बोललेलो.

कशाला, ते पुढे कळलं. त्या घरी जो येईल त्याला मामा खाली झोपवायचे, नाक कुठल्या भिंतीकडे करायचं ते सांगायचे आणि विचारायचे, मोठी कुठे? आधी काही सांगायचं नाही, अशी मामीला ताकीद. ती बिचारी पाहुण्याला पाण्याच्या आधी सतरंजी द्यायची. खिडकीकडे, असं उत्तर आलं की मामा नुसती मान हलवायचे. एकदा मीटर बघायला आलेला माणूस दाराकडे म्हणाला. मामांनी त्याला उठू दिला नाही. मामीनं येऊन बघितलं तर तो डोकं उलट्या भिंतीकडे करून झोपलेला. त्याला सरळ करून परत विचारलं.