वेगळा केलेला गणपती

आजोबा गेले तेव्हा गावच्या एसटी थांब्यावर त्यांचे दोन बॅनर लागले. एक माझ्या बाबांनी लावलेला, दुसरा काकांनी. फोटो तोच, मजकूरही तोच: संगीत, कुटुंब आणि प्रवास यांवर जिवापाड प्रेम करणारे आमचे आधारवड. खाली ‘शोकाकुल’ म्हणून एकावर आमची नावं, दुसऱ्यावर काकांच्या घरची. येणारे-जाणारे बघून मान हलवायचे. मला मात्र ते वाचून संताप यायचा, अजूनही येतो.

कारण आजोबांच्या लेखी त्या तीन आवडी वेगळ्या नव्हत्याच. चतुर्थी जवळ आली की ते छत्री आणि कापडी पिशवी घेऊन एसटीत बसत. शिरोड्याला मोठ्या आत्याकडे, वालावलला धाकट्या आत्याकडे, आणि काही कारण नसताना आंबोलीला, चहाची टपरी चालवणाऱ्या जुन्या भजनी मित्राकडे. भिजून, खोकत परत यायचे. "आजोबा, फोन करा ना," मी म्हणायची. त्यावर ठरलेलं उत्तर: "फोनार सांगल्यार माणूस येता गो. घराक जावन सांगल्यार हसत येता."

आणि खरंच सगळे हसत यायचे. आरती झाली की आजोबा पेटी पुढे ओढत, अभंग म्हणत आणि मग गजर धरत. गजर एकट्याचा नसतो. एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी मागून उचलायचं. आत्या, त्यांची माणसं, शेजारी, उसळ ढवळता ढवळता आई आणि काकी, सगळे उचलायचे. आजोबांचं सगळं सुख त्या मागून येणाऱ्या आवाजात होतं.

बाबा आणि काकांच्या चुली आधीच वेगळ्या झाल्या होत्या. घराच्या ओटीच्या मधोमध भिंतही आली होती. त्याचं आजोबांना फारसं वाटलं नाही. म्हणाले, घरोघरी मातीच्या चुली. पण गणपती मूळ घराचा, तो एकच. एक वर्ष आमच्या बाजूला, एक वर्ष काकांच्या. तेवढं टिकावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

ते मोडलं कशावरून, तर दिवसांवरून. काका मुंबईहून येणारे, सुट्टी अपुरी. त्यांना गणपती दीड दिवसाचा हवा. बाबांना पूर्वापारचा पाच दिवसांचाच हवा. दोघे हट्टाला पेटले. एरवी एकमेकांशी न बोलणारे हे भाऊ एका सकाळी मात्र जोडीने देवळात गेले, गणपती वेगळा करायचा कौल लावला आणि कौल मिळाल्याचं येऊन सांगितलं. आजोबा खळ्यात, घरापुढच्या अंगणात, सुपारी कातरत होते. "देवाक इचारलात," ते म्हणाले, "बापाशीक इचारूक सुचला नाय."

त्या वर्षीही ते एसटीने सगळीकडे जाऊन आले. "खंयच्या घरात येवचा?" असं दोन्ही आत्यांनी विचारलं. आजोबांनी सांगितलं, "खळ्यात येवा."

संध्याकाळी त्यांनी खळ्यात, दोन्ही दारांपासून सारख्या अंतरावर पेटी मांडली. आत दोन गणपती, दोन आरत्या, एकाच वेळी. बाबांनी स्पीकर लावला म्हणून काकांनी मोठा लावला. आत्या कधी या दारात, कधी त्या दारात, पाहुण्यांसारख्या अवघडून उभ्या. आजोबांनी गजर धरला. एकदा म्हटला, थांबले. पुन्हा म्हटला. कुणी उचलला नाही. ऐकूच जात नव्हता, तर उचलणार कोण? त्यांनी भाता बंद केला, पेटीवर टॉवेल टाकला आणि ते न जेवता झोपले. त्यानंतर पेटी उघडली नाही आणि एसटीचा प्रवासही संपला. मी एकदा म्हटलं, चला, आंबोलीला जाऊन येऊ. तर म्हणाले, "जावन काय सांगू?" ज्यांच्याकडे याचं उत्तर होतं ते टीव्ही बघत होते.

शेवटी ते गेले तेही चतुर्थी तोंडावर आलेली असताना. दोन्ही मूर्ती मूर्तिकाराकडे, गणपतीच्या शाळेत, रंगून तयार होत्या. बाबांनी भटजींना विचारलं, सुतकातही गणपती आणायचा काही मार्ग निघतो का? काकांनीही विचारलं, गुपचूप, वेगळा फोन करून. भटजींनी दोघांना एकच सांगितलं: सुतक भावकीला असतं, भिंत बघून लागत नाही. त्या वर्षी आमच्या घरात एकही गणपती आला नाही. मूर्तिकाराने आमच्या दोन्ही मूर्ती आपल्या घरच्या गणपतीबरोबर व्हाळात, वाडीजवळच्या ओढ्यात, सोडल्या.

चतुर्थीच्या संध्याकाळी वाडीत सगळीकडे आरत्या चालल्या होत्या. आम्ही सगळे खळ्यात बसलो होतो, दोन्ही आत्या, दोन्ही घरं. किती वर्षांनी असे बसलो होतो. मोठ्या आत्याने डोळे पुसले आणि भावांना म्हणाली, "आता तरी फुडल्या वर्साक एकच गणपती हाडा रे. बापाशीक तेवढाच होया होता."

बाबा काकांकडे बघेनात, काका बाबांकडे. मग बाबा म्हणाले, "देवाचो कौल आसा. तो कसो मोडतलो?" काकांनी लगेच मान हलवली. त्या कौलानंतर त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

देऊळ आमच्या खळ्यातून दिसतं. पुन्हा कौल लावायला दोघांपैकी कुणीही उठलं नाही.