नाव घातलेला गडू

दहाव्याच्या दिवशी रश्मी डोळे पुसत बसली होती, तेव्हा तिचा दीर गौरव एक घडी केलेला कागद घेऊन आला.

"वहिनी, दादाच्या बँकेचा कागद हाय. इथं सही करा. आधारवर जे नाव हाय तेच टाका, नाही तर वापस येते."

आधारवर अजून माहेरचंच नाव होतं. तिनं ते नीट, वळणदार लिहिलं. कागद उघडून बघावा असं तिच्या मनातही आलं नाही. घरच्या माणसाचा कागद कोण वाचतं?

तिचा नवरा आनंद भिलाईत एका सरकारी बँकेत क्लार्क होता. लग्न गोंदियाला झालं, तेही ऐन मार्चअखेरीला, त्यामुळे शाखेतलं कुणी आलं नाही. "बँकेच्या कागदावर तुझं नाव चढवतो," असं तो दर महिन्याला म्हणायचा. चढवलं नाही. आठ महिन्यांनी कुम्हारीजवळ ट्रकनं त्याची मोटारसायकल उडवली. शाखेतले चौघे आले ते थेट मसणात, आणि तिथूनच परतले. घरात बसलेली रश्मी त्यांनी पाहिलीच नाही.

शेजारचे भैय्याजी मात्र तिला सांगून गेले होते, "बेटा, नोकरीवर असताना माणूस गेला तर घरच्या एकाले लागते बँकेत. पहिला हक्क बायकोचा." बी.कॉम. झालेल्या रश्मीनं तेवढ्यावरच धीर धरला. ही नोकरी मिळाली तर इथंच भिलाईत, वैशाली नगरातल्या घरात ताठ मानेनं राहता येणार होतं. नाही तर उरलेला जन्म भावाच्या दारात पोळ्या लाटायच्या.

तेरावं उरकलं आणि दुसऱ्याच दिवशी लग्नाचा फोटो भिंतीवरून उतरला.

"काच तडकली होती वो," सासू ठकूबाई खाली मान घालून म्हणाल्या.

मग देवघरात देवापुढे ठेवलेली लग्नाची पत्रिका गेली. मग मांडणीवरची भांडी. लग्नात आलेले डबे, ताटं, पेले, सगळ्यांवर दुकानदारानं सुईनं कोरलेली नावं होती. नेमकी तेवढीच भांडी पोत्यात भरून मोडीत गेली. जुन्या, बिननावाच्या भांड्यांना कुणी हात लावला नाही. रश्मी रिकाम्या मांडणीपुढे उभी राहिली. या घरातून आनंद गेला होता, आणि आता तिलाही पुसून काढणं चाललं होतं.

"आई, भांडी कावून दिली?"

"तू माहेरी जाय. बाप येऊन राहिला न्यायले," ठकूबाई एवढंच बोलल्या.

न्हाणीघरातला गडू तेवढा कुणाच्या लक्षात आला नव्हता. मामानं दिलेला. त्यावर कोरलं होतं, 'चि. आनंद व चि. सौ. कां. रश्मी यांस सप्रेम भेट', खाली लग्नाची तारीख. तिनं तो लुगड्यात गुंडाळून पिशवीच्या तळाशी घातला.

दुर्ग स्टेशनला जाताना तिनं ऑटो बँकेपाशी थांबवला. वडील धोंडबा ऑटोतच बसले. आत प्रेमानंद नावाचे वयस्क क्लार्क होते. तिनं मी आनंदची बायको म्हणताच त्यांचा चेहरा उतरला.

"पण अर्ज तर भावाचा आला, बेटा. कर्मचाऱ्याचं लग्न झालं नसलं तरच भावाले मिळते. शपथपत्र जोडलं हाय."

रश्मीनं गडू टेबलावर ठेवला. आवाज पक्का होता. "हे वाचा, काका. खोटं लिहून देलं त्यायनं."

प्रेमानंदांनी कोरलेली अक्षरं वाचली. मग त्यांनी फाइल तिच्याकडे फिरवली. कागद हिंदीत होता. आनंद अविवाहित होता, त्याला बायको नाही, हे आम्ही जाणतो, असं त्यात शपथेवर लिहिलं होतं. खाली साक्षीदाराच्या जागेवर त्यांनी बोट ठेवलं.

"मंग ही कोण, बेटा?"

तिथं नीट, वळणदार अक्षरात सही होती: रश्मी धोंडबा मेश्राम.